छटाकचे वजन आणि माझी पंचाईत

मित्रांनो, माझ्या गोंधळाची सुरुवात माझ्या नावापासूनच होते. मी एक जुना काटा आहे. पायात रुततो तो मी नव्हे, गुलाबाच्या फांदीवर असतो तो नव्हे आणि मासा खाताना घशात अडकतो तोही नव्हे. मी वजनाचा काटा. त्यातही पंचाईत अशी, की माझ्या तबकडीवर जी बारीक, काळी, लांब वस्तू फिरते तिलाही लोक काटाच म्हणतात. म्हणजे काट्याच्या अंगात काटा! तुमचा तरी घोटाळा होऊ नये म्हणून मी तिला सुई म्हणेन.

माझा जन्म एका गोंगाटाच्या कारखान्यात झाला. कुणी माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, कुणी डोक्यावर पत्र्याचे खोलगट पारडे ठेवले. एका चष्मेवाल्या बाईने माझ्या तबकडीवर श्वास रोखून बारीक रेघा काढल्या. शेवटी एक तपासनीस आला. त्याने माझ्यावर वजने ठेवली, वाकून पाहिले, ‘बरोबर’ असे म्हटले आणि माझ्या पाठीवर शिक्का मारला. मी जन्मात ऐकलेला आणि मला समजलेला तो पहिला शब्द. माझ्यावर ठेवलेले जितके आहे तितके दाखवायचे, एवढेच आपले काम, असे मी त्या दिवशी समजलो. काम सोपे वाटले. ते तसे नव्हते.

तिथून मी एका लोकरीच्या दुकानात आलो. दुकान एका अरुंद रस्त्यावर होते. खाली दुकान, वर दोन खोल्या, मधे लाकडी जिना. मालक तेव्हा तरुण होते. आता सगळे त्यांना आप्पा म्हणतात. लोकरीच्या लडी माझ्या पारड्यात पडत. गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे टक लावून पाही आणि मी सांगेन ते सगळ्यांना मान्य असे. “या दुकानाचा काटा चोख आहे हो,” असे बायका एकमेकींना सांगत, तेव्हा माझी सुई उगाचच थरथरे.

पण तेव्हाही मला सगळेच उमगत होते असे नाही. दमट हवेच्या दिवसांत तीच लोकर जास्त भरायची आणि कोरड्या दिवसांत तीच लोकर कमी. कुणी तिच्यात काही घातले नाही, कुणी तिच्यातले काही काढले नाही. आप्पा म्हणायचे, “हवा पिते ती.” हवा पिऊन कुणी जाड होते का? मी पुष्कळ विचार केला आणि सोडून दिला.

पुढे लोकर तयार गुंड्यांमध्ये, म्हणजे गुंडाळलेल्या गोळ्यांमध्ये, येऊ लागली. गुंडीच्या कागदी पट्टीवर वजन आधीच छापलेले. मग मला कोण विचारणार? माझ्या पारड्यात चाव्या, पावत्या, सुटी बटणे आणि आप्पांचा चष्मा पडू लागला. चष्मा आणि चाव्या मिळून किती भरतात हे मी रोज इमानेइतबारे सांगत होतो. ऐकणारे कुणी नव्हते.

आप्पांचा मुलगा जहाजावर नोकरीला होता. सहा-आठ महिन्यांनी घरी यायचा आणि पुन्हा जायचा. त्यामुळे घरात माणसे दोनच, आप्पा आणि त्यांची सून. दुकान आता सूनबाईच चालवायच्या. आप्पा गल्ल्याजवळच्या खुर्चीत बसून असायचे. दोघांत भांडण नव्हते, पण बोलणेही जेवढ्यास तेवढे. “आप्पा, जेवायला चला.” “आलो.” “आप्पा, औषध घेतलंत?” “घेतलं.” मी सांगतोय त्या वर्षी आप्पांना मोठा ताप येऊन गेला होता. अंगावरचे कपडे खुंटीला टांगल्यासारखे दिसत होते. डॉक्टरांनी रोज दुपारी पेलाभर दूध प्यायला सांगितले होते. सूनबाई तो पेला न चुकता गल्ल्यावर ठेवून वर जात.

एके दिवशी सकाळी दुकानामागच्या बोळात, पावसाच्या पाण्याच्या नळामागे, काहीतरी किरट्या आवाजात ओरडत होते. सूनबाई गेल्या आणि ओढणीत काहीतरी गुंडाळून घेऊन आल्या. माझ्यातल्या चाव्या, चष्मा, पावत्या त्यांनी एका हाताने बाजूला सारल्या आणि ते ओढणीतले माझ्या पारड्यात ठेवले.

मित्रांनो, आजवर माझ्यात पडलेली कुठलीही वस्तू गप्प पडून राही. ही हलत होती. सुई पुढे जाई, मागे येई, पुन्हा पुढे. मी घाबरून गेलो. शेवटी ती वस्तू दमून निजली तेव्हा कुठे सुई थांबली. ओढणीचे वजन वजा केले तर उरले किती? लोकरीच्या सहा लहान गुंड्यांएवढेसुद्धा नाही.

“मांजरीचं पिल्लू आहे हो,” सूनबाई म्हणाल्या. “आई दिसत नाही कुठे. सगळी हाडं हाताला लागतायत.”

आप्पा खुर्चीतून उठले. “सूनबाई, लोकरीच्या दुकानात मांजर? एक धागा गिळला तर आतडं पिळून मरेल ते. आणि काट्यावर कशाला ठेवलंस? त्या पारड्यात आजवर लोकरीशिवाय काही पडलेलं नाही.”

मला चाव्या आठवल्या, बटणे आठवली. पण मी बोलू शकत नाही.

“थोडे दिवस, आप्पा. जरा वजन धरू दे, मग चांगलं घर बघून देऊन टाकू.”

“हे छटाकभर मांजर कसलं वजन धरतंय!”

त्या दिवसापासून, जुन्या काळच्या त्या चिमुकल्या मापावरून, तिचे नाव छटाक पडले.

दुपारी सूनबाई तिला रस्त्याच्या टोकाच्या प्राण्यांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. परतल्या त्या एक डबा, बिनसुईची एक पिचकारी आणि जंतांच्या औषधाची छोटी बाटली घेऊन. “आप्पा,” त्या उत्साहाने सांगू लागल्या, “डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, पाच आठवड्यांची असेल, पण वजन फारच कमी आहे. तिला काय द्यायचं, काय नाही...”

“मला काही सांगू नकोस,” आप्पांनी हात वर केला. “तुझं मांजर, तू बघ. मला त्यात ओढू नकोस.”

सूनबाईंचे तोंड उतरले. पुढचे वाक्य त्यांनी गिळले. ते वाक्य काय होते, हे आप्पांना कळले नाही आणि मलाही नाही. पुढचा सगळा घोळ त्या गिळलेल्या वाक्याने झाला.

आता ऐका. सूनबाई डब्यातली पिल्लांसाठीची दुधाची भुकटी कोमट पाण्यात कालवून छटाकला पिचकारीने पाजत. सकाळी, दुकान उघडल्यावर, मग दुपारी आणि संध्याकाळी. रोज सकाळी पहिल्या खाण्याआधी तिला एका टोपलीत घालून माझ्यावर ठेवत. टोपलीचे वजन ठाऊक होते, ते वजा करत आणि खडूने दाराच्या चौकटीवर खूण करत. पहिल्या सकाळी सुई जराशी पुढे सरकली. मला बरे वाटले. पुष्कळ वर्षांनी कुणीतरी माझ्या तोंडाकडे एवढ्या आशेने पाहत होते.

त्याच दुपारी सूनबाई वर गेल्या. छटाक टोपलीत ओरडू लागली. “गप,” आप्पा वर्तमानपत्राआडून म्हणाले. ती गप्प बसेना. “गप म्हणतो ना.” मग त्यांनी जिन्याकडे पाहिले. मग दुधाच्या पेल्याकडे. मग त्यांनी पेल्यात करंगळी बुडवली आणि टोपलीत धरली.

छटाकने ती करंगळी अशी काही चोखली, की आप्पांच्या हातातले वर्तमानपत्र गळून पडले.

त्यांनी बटणांच्या एका डबीच्या झाकणात दूध ओतले. छटाक नाक बुडवून शिंकली, पुन्हा नाक बुडवले आणि झाकण चाटून पुसून लख्ख केले. आप्पांनी आणखी ओतले. पेला रिकामा झाला. त्यांनी रुमालाच्या टोकाने तिच्या मिशा पुसल्या, तिला उचलून हळूच माझ्या पारड्यात ठेवले आणि तबकडीवर वाकले. सुई चांगली पुढे गेली होती. “हं,” ते पुटपुटले, “याला म्हणतात खाणं. पिचकारीने कुठे पोट भरतं?” जिन्यावर पावले वाजली, तशी त्यांनी तिला टोपलीत टाकले आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. ते उलटे होते.

हे रोज होऊ लागले.

आता मी तर साधा हिशेब जाणणारा. सूनबाई भरवतात, ते एक. आप्पा भरवतात, ते दुसरे. एकात दुसरे मिळवले की जास्त व्हायला हवे. दुपारी मी जास्त दाखवतही होतो. पण सकाळी टोपली माझ्यावर आली, की सुई आदल्या सकाळच्या खाली! रोज थोडी थोडी खाली. दोन माणसे घालत होती आणि वस्तू कमी होत होती. माझे डोके चक्रावून गेले. रात्रीत कोण काढून नेत होते तिच्यातले?

सूनबाई तर माझ्याहून चक्रावल्या. संध्याकाळी पिचकारी तोंडाशी नेली, की छटाक मान फिरवी. टोपलीतला कागद पुन्हा पुन्हा बदलावा लागे, इतके तिचे पोट बिघडले. तिची शेपटी ओल्या दोरीसारखी झाली. सूनबाई डबा उलटा करून त्यावरची अक्षरे पुन्हा पुन्हा वाचत. आपण पाणी जास्त घालतो की भुकटी कमी? आपला हात गार आहे का? वेळ चुकते का? बाजूच्या दुकानातले शिंपीकाका डोकावून सांगत, “अंडं द्या.” एक गिऱ्हाईक म्हणे, “उपाशी ठेवा, आपोआप खाईल.” दुसरे म्हणे, “जगणार नाही हो ते, जीव नका लावू.” प्रत्येकाचे म्हणणे वेगळे, आणि प्रत्येक जण खात्रीने बोलत होता.

आप्पाही बिचारे. ती वाळत चाललेली पाहून ते दुपारी अधिकच दूध पाजू लागले. सूनबाई वर गेल्या रे गेल्या, की ते टोपलीशी हजर. “पी बाळा, पी. तिच्या पिचकारीवर तू जगायची नाहीस.” मी दोघांनाही पाहत होतो. दोघेही तिला जगवायला धडपडत होते. मग ती मरणाकडे का चालली होती? मित्रांनो, मी खरेच सांगतो, मला उत्तर माहीत नव्हते. माहीत असते तरी मला तोंड आहे कुठे?

एके सकाळी सुई इतकी खाली आली, की सूनबाईंनी डोळे मिटून घेतले. दाराच्या चौकटीवरच्या खडूच्या खुणा जिना उतरावा तशा उतरत आल्या होत्या.

“आप्पा, हे असं कसं होईल? मी तर कालपासून जास्तच देतेय.”

आप्पांनी चष्मा पुसून खडूच्या खुणा पाहिल्या. मग म्हणाले, “काटाच बिघडला असेल. वय झालंय त्याचं.”

माझ्या पोटातली स्प्रिंग जणू आवळली गेली. इतकी वर्षे ज्या माणसाने माझ्या शब्दावर दुकान चालवले, तो माणूस असे म्हणाला! पण सूनबाईंच्या चेहऱ्यावर त्या बोलण्याने एक आशा आली आणि मग मलाही वाटू लागले, की मी बिघडलेला असावा. मी खोटा ठरलो तर ती जगेल, असे असेल तर मी खोटाच बरा. काटा असूनही मला असे वाटले. का वाटले, ते सांगता येत नाही.

आप्पांनी मांडणीवरून एक नवी कोरी गुंडी काढली. पट्टीवर वजन छापलेले. ती माझ्यात ठेवली. मी तितकेच दाखवले. दुसरी ठेवली. तिसरी ठेवली. मी अगदी तितकेच दाखवले. चौथी गुंडी त्यांनी हातातच धरून ठेवली.

“बरोबर आहे काटा,” ते हळू आवाजात म्हणाले.

तेवढ्यात सूनबाई ओरडल्या, “आप्पा, ही गार पडलीय!”

छटाक टोपलीत आडवी पडली होती. मान टाकलेली. कान गार, पंजे गार. सूनबाईंनी तिला छातीशी धरले आणि फोन गल्ल्यावर ठेवून मोठ्या आवाजावर लावला, कारण हात मोकळे नव्हते.

“आधी ऊब द्या,” फोनमधून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. “तोंडात काही घालू नका. पिल्लू गार असताना भरवायचं नसतं, पचत नाही आणि छातीत जातं. कपड्यात गुंडाळा आणि सरळ इकडे आणा. पोट बिघडलंय का?”

“फार.”

“मी सांगितलं होतं तसंच देताय ना? कुणी साधं दूध तर पाजत नाही तिला? आपण चहात घालतो ते?”

“नाही हो!” सूनबाई म्हणाल्या. “घरात मी आणि सासरे. ते तर तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत.”

 आप्पांच्या हातातून गुंडी सुटली आणि घरंगळत दारापर्यंत गेली.

“मी पाजतो,” आप्पा म्हणाले.

“काय?”

“रोज. दुपारी. पेलाभर.”

“कोण बोललं ते?” फोनमधून आवाज आला.  “जे कोणी असेल, त्यांना म्हणावं आजपासून बंद. ते दूध अशा पिल्लांना सोसत नाही. पोटात जातं तेवढं सगळं धुऊन निघतं, वर अंगातलं पाणीही जातं. लगेच निघा तुम्ही.”

सूनबाईंनी आप्पांकडे एकदाच पाहिले.  मांडणीवरचा लोकरीचा मोजा ओढून त्यात छटाकला घातले आणि पायात चप्पलही न घालता निघून गेल्या.

आप्पा खुर्चीत बसले नाहीत. एक बाई लाल लोकर मागायला आली, तिला त्यांनी नुसते हातानेच नाही म्हटले. मग ते माझ्यापाशी आले. त्यांनी आपला तळहात माझ्या पारड्यावर टेकला आणि तसेच उभे राहिले. सुई बरीच वाट चालून थांबली. काय तोलायचे होते त्यांना? मी जे दाखवले ते त्यांनी पाहिलेसुद्धा नाही.

सूनबाई दिवे लागायच्या सुमारास परतल्या. छटाक मोज्यात होती आणि श्वास घेत होती. तिच्या कातडीखाली इंजेक्शनच्या सुईने पाणी भरले होते, त्यामुळे पाठीवर एक मऊ टेंगूळ आले होते. “जगेल असं सांगता येत नाही म्हणाल्या,” सूनबाई टोपलीकडे पाहत म्हणाल्या. “आणि जगणार नाही असंही नाही.”

मला असले उत्तर कधीच देता आले नसते. माझ्या तबकडीवर ‘सांगता येत नाही’ अशी रेघच नाही.

“तुम्ही मला विचारायचं होतं, आप्पा.”

“कसं विचारणार? मला सांगू नकोस असं मीच म्हटलेलं.”

“ती नको होती ना तुम्हाला?”

“नको होती,” आप्पा म्हणाले.  “पण ओरडत होती ती. भुकेचं ओरडणं मला... मला वाटलं, दुधाने काय होतंय? दूधच ते.”

सूनबाईंनी छटाकच्या अंगावरचा मोजा सारखा केला. मग अचानक त्यांनी विचारले, “दूध कुठून आणलंत तुम्ही?”

आप्पांनी रिकाम्या पेल्याकडे पाहिले.

“म्हणजे इतके दिवस तुम्ही तुमचं दूध प्यायलाच नाहीत?”

“मला नाही आवडत ते. साय असते त्यात.”

सूनबाईंची नजर आप्पांच्या कमरेकडे गेली. पट्ट्याला नवे भोक पाडून पँट कशीबशी अडकवलेली होती. “आणि मी शिंपीकाकांशी भांडून आले!” त्या म्हणाल्या. “म्हटलं, सासऱ्यांची पँट सैल शिवलीत तुम्ही! त्यांनी बिचाऱ्यांनी दोनदा उसवून शिवली!” आणि त्या हसू लागल्या. हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले आणि मग त्या हसत होत्या की रडत होत्या, हे मला ओळखता येईना. आप्पांनाही येत नसावे, कारण ते रुमाल पुढे करून नुसते उभे होते.

तर मित्रांनो, असे झाले होते. ज्या दोघांनी वजन धरायचे, ती दोघेही एकाच पेल्यापायी वाळत चालली होती.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यासमोर जे सुरू झाले ते मी नीट सांगतो, कारण ते तुमच्या उपयोगी पडेल. आधी गरम पाण्याची बाटली जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून टोपलीत ठेवायची आणि छटाकचे पंजे उबदार होईपर्यंत थांबायचे. मग डब्यातले दूध कोमट करून मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहायचे. तिला पाठीवर उताणे धरायचे नाही, पोटावरच बसवायचे, आईजवळ पितात तसे. पिचकारी तोंडाच्या कडेने आत न्यायची, एक थेंब सोडायचा आणि तिने गिळले की मग दुसरा. घाई नाही. एका वेळी थोडेसेच, पण दिवसातून पुष्कळदा. झाल्यावर तोंड पुसायचे, नाहीतर दूध वाळून केस चिकटतात. आप्पा तिला धरत, सूनबाई पाजत.

आणि एक नवा नियम सूनबाईंनी घातला. दुपारच्या वेळी आप्पांचा पेलाही तिथेच आणला जाई, साय गाळून.

“तिचा एक थेंब, तुमचा एक घोट.”

“अगं, मी काय पिल्लू आहे?”

“ती कमी कटकट करते. प्या.”

छटाक मान फिरवी, आप्पा तोंड वाकडे करत. छटाक गिळे, आप्पा गिळत. जाता-येता शिंपीकाका दारात थांबून हा सोहळा पाहत आणि काही न समजून डोके खाजवत निघून जात. त्यांचे आणि माझे त्या बाबतीत एकमत होते.

पुढच्या सकाळी टोपली माझ्यावर आली. सुई कालच्याच रेघेवर थांबली. पुढे नाही, मागे नाही. मी ओशाळलो. एवढी धडपड करून मी त्यांना काहीच देऊ शकलो नव्हतो. पण सूनबाईंनी टाळी वाजवली. “आप्पा! घटलं नाही! तेवढंच आहे!” आणि आप्पांनी चक्क माझ्या डोक्यावर थोपटले. मी दुकानात उभे आयुष्य काढले, पण ‘तेवढेच आहे’ यावर कुणाला नाचताना पाहिले नव्हते.

त्यानंतर ती एक रेघ चढली. मग एक दिवस पुन्हा उतरली आणि दोघांनी हातपाय गाळले. मग चढली, चढत राहिली. कागद कोरडे राहू लागले. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून पिल्लांचे मऊ खाणे डब्यातल्या दुधात कालवून देणे सुरू झाले. पहिल्यांदा छटाकने ते तोंडातून ढकलून दिले. आप्पांनी ते बोटावर घेऊन तिच्या ओठाला किंचितसे लावले. तिने चाटले, विचार केला आणि मग आप्पांचे बोटच चावले. “दात आलेत गं हिला!” आप्पा आनंदाने ओरडले. बोटातून रक्त येत होते.

आता तिला तोलणे मला अवघड जाऊ लागले. ती टोपलीतून बाहेर येई, माझ्या सुईवर पंजा मारी आणि काचेवर आपटला की रागावे. निजली तरी तिच्या पोटातून घुर्रघुर्र असा आवाज येई आणि माझी सुई त्या तालावर थरथरत राही. नेमके वजन सांगताच येईना. ती घुरघुर किती ग्रॅमची असते, तुम्हाला माहीत आहे का?

मग तो दिवस आला. एक शिक्षिकाबाई दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक होत्या. घर मोठे, स्वभाव प्रेमळ. सूनबाईंनी त्यांना शब्द दिला होता, की पिल्लू डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या वजनाला पोहोचले की तुमचे. बाई एक सुंदर झाकणाची टोपली घेऊन आल्या.

“शेवटचं एकदा बघून घ्या वजन,” त्या म्हणाल्या.

“मी बघतो,” आप्पा म्हणाले.

मित्रांनो, दुकानात वजन करताना आप्पांनी माझ्या पारड्याला कधी बोट लावले नव्हते. माल ठेवला की ते दोन्ही हात पाठीमागे घेत, गिऱ्हाईकाला दिसतील असे. त्या दिवशी त्यांनी छटाकला माझ्यात ठेवले, एक हात मागे घेतला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा माझ्या पारड्याखाली सरकवला. हळूच, वर उचलत.

सुई खाली आली.

“छे,” आप्पा माझ्या तबकडीकडे पाहत म्हणाले, “अजून दोन रेघा कमी आहेत.”

मी हादरलो. वजन वाढवून सांगणारे लबाड असतात, असे मी ऐकून होतो. पण कमी करून सांगणारा? आणि तोही आप्पा? आणि ती वाढावी म्हणून सगळे एवढे झिजले, ती वाढल्यावर ते लपवायचे कशाला? माझ्या पाठीवरचा शिक्का मला टोचल्यासारखा झाला.

सूनबाई अगदी शेजारी उभ्या होत्या. त्यांना अंगठा दिसला होता. मी पाहिले, त्यांना नक्की दिसला होता. त्यांनी छटाककडे पाहिले, आप्पांच्या मनगटाकडे पाहिले.

“हो की,” त्या म्हणाल्या. “दोन नाही, तीन असतील. माफ करा हं बाई, ही काही इतक्यात वजन धरायची नाही.”

शिक्षिकाबाईंनी पारड्यातल्या त्या गुबगुबीत गोळ्याकडे पाहिले. मग त्या हसल्या, टोपली काखोटीला मारली आणि निळ्या लोकरीच्या चार गुंड्या घेऊन गेल्या. त्यानंतर आप्पा आणि सूनबाई यांनी त्या अंगठ्याचा विषय एकमेकांत कधीच काढला नाही. पण त्या रात्रीपासून वरच्या खोल्यांमधून दोघांच्या बोलण्याचे आवाज जिन्यावरून खाली येऊ लागले. लांब, सावकाश, कशाकशाबद्दलही.

आता माझ्याविषयी थोडे. मुलगा जहाजावरून आला तेव्हा त्याने विजेवर चालणारा नवा वजनकाटा आणला. सपाट, काचेचा, आकडे लिहून दाखवणारा. तो थरथरत नाही, गोंधळत नाही. मला जिन्याच्या खिडकीत नेऊन ठेवले. पावत्या नाहीत, चाव्या नाहीत. पारड्याचा एक कोपरा गंजला आहे आणि तबकडीवर धूळ बसली आहे. दुपारी ऊन आले, की छटाक येते आणि माझ्या पारड्यात अंग चेपून बसवते. ती आता माझ्या ताकदीच्या दुप्पट आहे. माझी सुई सगळी तबकडी फिरून जाते, पुन्हा फिरते आणि शून्याच्या जवळपास येऊन थांबते. म्हणजे पाहणाऱ्याला वाटावे, की पारड्यात काहीच नाही! माझी स्प्रिंग दुखते. तरी मी तिला उठ म्हणत नाही. म्हणू शकलो असतो तरी म्हटले असते की नाही, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, मला पुष्कळ गोष्टी आजही कळलेल्या नाहीत. पण तुमच्या घरात कुणी लहानसा, अशक्त जीव आला, तर माझे एवढे ऐका. त्याला ऊब द्या, त्याला सोसेल तेच द्या, आणि काय सोसते ते जाणकाराला विचारा. दर सकाळी त्याला तोला. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, घरात दुसरे कोण त्याला काय भरवते आहे हे एकमेकांना मोकळेपणाने विचारा आणि विचारल्यावर खरे सांगा. कुणी सांगायला आले तर हात वर करू नका. वजन घटते आहे हे मी दाखवू शकतो, पण का घटते आहे, ते मला कुठून कळणार? ते माणसांनीच एकमेकांना सांगायचे असते.